स्नोमोबाइलवर बसण्याआधी बनियन काढा

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डुलुथहून ग्रँड मरेकडे जाणारी नॉर्थ शोर ट्रेल ही स्नोमोबाइलची वाट सुमारे १४६ मैलांची आहे. सुपीरियर सरोवर उजव्या हाताला कुठेतरी खाली राहतं आणि स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर धावणारी हँडलवाली गाडी, डोंगरधारेच्या जंगलातून पळत राहते. मिनेसोटातल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी या वाटेवर गेलो, तेव्हा जाकीट उत्तम होतं, बूट नवे कोरे होते. आत मात्र लहानपणापासूनच्या सवयीचं सुती बनियन होतं आणि पायांत दोन-दोन सुती मोजे. दुपारी वाटेबाहेरच्या भुसभुशीत बर्फात गाडी रुतली. वीस मिनिटं उकरलं, ढकललं, घामाघूम झालो. गाडी निघाली आणि पुढच्या तासाभरात ते बनियन ओल्या फडक्यासारखं पाठीला चिकटून गार पडत गेलं. परतलो तेव्हा दातांवर दात आपटत होते आणि उजव्या हाताच्या अंगठ्याचं टोक मेणासारखं पांढरं झालं होतं. तिथं नीट संवेदना यायला दोन आठवडे लागले.

त्यानंतर भारतातून आलेल्या कितीतरी नातेवाइकांना मी गॅरेजमध्ये उभं करून कपडे चढवले आहेत. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अजून एक स्वेटर घालू का?" बहुतेक वेळा मी नको म्हणतो. स्नोमोबाइलवर माणूस गारठतो तो आतल्या ओलीमुळे, नाहीतर कुठेतरी बोटभर फट राहिल्यामुळे. खालचं सगळं या दोन गोष्टी टाळण्यासाठी आहे.

आधी वाऱ्याचा हिशेब

बाहेर उणे २० सेल्सियस आहे आणि झाडाचं पानही हलत नाही, असं समजा. पायी चालणाऱ्याला तो दिवस सुखाचा वाटेल. पण तुम्ही ताशी ५० किलोमीटरनं निघालात की तेवढाच वारा तुम्ही स्वतः अंगावर घेता. उघड्या कातडीला मग उणे ३५ असल्यासारखी थंडी लागते. मिनेसोटात सार्वजनिक जागी स्नोमोबाइलला ताशी ५० मैलांची, म्हणजे साधारण ८० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाला आकडा उणे ३८ च्या आसपास जातो. कॅनडाच्या हवामान खात्याच्या कोष्टकाप्रमाणे उणे २८ ते उणे ३९ या पट्ट्यात उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. विंडशील्ड आणि हेल्मेटमुळे हा मारा कमी होतो, पण जिथं फट आहे तिथं तो पुरेपूर बसतो.

म्हणून सकाळी मोबाइलवर तापमान पाहून कपडे ठरवू नका. तापमान, वेग आणि गाडीवर सलग किती वेळ बसायचंय, हे तिन्ही धरा. या राज्यात टॉवर नावाच्या गावी २ फेब्रुवारी १९९६ ला उणे ६० फॅरनहाइट, म्हणजे उणे ५१ सेल्सियस नोंदलं गेलं. तसल्या दिवशी घरात बसावं. मी स्वतः उणे २५ सेल्सियसच्या खाली पाहुण्यांना घेऊन निघत नाही.

गोधडी आठवा

आजीची गोधडी ऊबदार का असते? जुनी लुगडी एकावर एक रचून दाट टाके घातलेले असतात आणि त्या थरांमध्ये हवा अडकून राहते. ऊब आपल्या अंगाची असते, ती बाहेर जाऊ न देण्याचं काम या अडकलेल्या हवेचं. स्नोमोबाइलचे कपडे याच तत्त्वावर तीन थरांत घालतात: अंगालगतचा घाम ओढून घेणारा, मधला ऊब धरणारा, वरचा वारा आणि पाणी अडवणारा. कपडा घट्ट बसला की हवा दाबली जाते आणि ऊब जाते. एकावर एक तीन स्वेटर कोंबून वर घट्ट जाकीट चढवणारा माणूस दोन सैल थरांतल्या माणसापेक्षा आधी कुडकुडतो, हे मी दर वर्षी पाहतो.

आता सुताचं. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ओलं बनियन म्हणजे पाठीवर बांधलेली गार पट्टीच. आपल्याकडे पुरुषाला बनियनशिवाय शर्ट घालणं चुकल्यासारखं वाटतं, म्हणून हे पुन्हा सांगतो: महागड्या थर्मलच्या आतसुद्धा सुती बनियन नको. अंतर्वस्त्रंही सुती नकोत. बायकांनी सुती ब्राऐवजी पॉलिएस्टरची स्पोर्ट्स ब्रा घालावी. जीन्स तर अजिबात नको. भारतातून आणलेले पांढरे, बदामी थर्मल बऱ्याचदा सुती किंवा सूतमिश्रित असतात, लेबल वाचून घ्या.

साताऱ्याचे माझे मामा आले होते, तेव्हा मी त्यांना मेरिनो जातीच्या मेंढीच्या मऊ लोकरीचा पातळ सदरा दिला. त्यांनी तो बोटांत चुरून पाहिला आणि म्हणाले, "अरे, ही तर घोंगडीचीच जात. धनगर भर पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागं फिरतो. भिजली तरी ऊब सोडत नाही ती." मामांनी दोन वाक्यांत सांगितलं ते अगदी खरं आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल पोटात घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. मेरिनो टोचत नाही, एवढाच घोंगडीशी फरक. मेरिनो परवडत नसेल तर पॉलिएस्टरचा अंगालगतचा थर चालतो. तो स्वस्त असतो, लवकर वाळतो, फक्त दोन दिवसांत वास मारतो.

मधल्या थराला फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापड) किंवा लोकरीचा स्वेटर, एवढं पुरतं. उणे २० च्या खाली त्यावर पातळ पफर, म्हणजे भराव घातलेलं फुगीर जाकीट. पिसांचं असेल तर ते ओलं होऊ देऊ नका, भिजलेली पिसं गोळा होऊन बसतात. कृत्रिम भरावाचं इथं जास्त भरवशाचं.

वरच्या थराबद्दल दुकानदार बरंच काही सांगतील. मूळ प्रश्न एवढाच, की तुम्ही गाडी कशी चालवणार? मिनेसोटात राखलेल्या ट्रेल्स २२,००० मैलांहून जास्त आहेत. त्यांवर तासन्‌तास बसून जायचं असतं, घाम कमी येतो. तिथं आतून भराव असलेलं जाकीट आणि बिब योग्य. वायोमिंग किंवा कोलोरॅडोच्या डोंगरात खोल बर्फात उभं राहून गाडी वळवणारे लोक सतत कष्ट करत असतात, म्हणून ते बिनभरावाचं, फक्त पाणी-वारा अडवणारं कवच घालतात. बिब म्हणजे छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली विजार. साध्या विजारीऐवजी तीच घ्या, कारण पुढं वाकून बसलं की साध्या विजारीची आणि जाकिटाची कमरेवर फारकत होते आणि नेमकी मूत्रपिंडांजवळची पाठ उघडी पडते. बायकांनी मागं चेन उघडणारं बिब शोधावं. ते नसलं की जंगलातल्या शौचालयात सगळंच उतरवावं लागतं, मग माणसं पाणी प्यायचं टाळतात, आणि पाणी कमी पडलेलं शरीर लवकर गारठतं.

घालण्याचा क्रम

घराबाहेर पडायच्या आधी शौचाला जाऊन या. मग अंगालगतचा वरचा आणि खालचा थर घाला आणि सदरा विजारीत नीट खोचा. लोकरीच्या मोज्यांची एकच जोडी, गुडघ्याच्या खालपर्यंत येणारी. थर्मल विजारीची पायमोरी मोज्याच्या आत जाते तिथं चुणी पडली असेल तर हातानं सपाट करा. ती चुणी दोन तास बुटात दाबली गेली की रक्त अडतं.

मग बिब, मग बूट. बिबाच्या पायात आत एक लवचीक पट्टी असते, ती बुटावरून ओढून बसवायची आणि बाहेरची मोरी तिच्यावर सोडायची, म्हणजे बर्फ वर चढत नाही. मग फ्लीस. इथवर घरात. गळपट्टी, माकडटोपी, जाकीट, हेल्मेट आणि हातमोजे गॅरेजमध्ये किंवा दारातच घाला. मुलांना पूर्ण पोशाख चढवून घरातल्या २१ अंशांत दहा मिनिटं उभं केलं की ती निघायच्या आधीच घामेजतात. निघताना किंचित गार वाटलं पाहिजे.

आता गाडीवर बसा. हात हँडलबारवर, गुडघे वाकलेले, मान पुढं. कुणाला तरी मागून पाहायला सांगा. कंबर, मनगट आणि गळा या तीन ठिकाणी कातडी दिसत असेल तर आत्ताच दुरुस्त करा. उभ्यानं आरशात सगळं झाकलेलं दिसतं, बसल्यावर बाही दोन इंच वर सरकते.

हात, आणि विशेषतः उजवा अंगठा

स्नोमोबाइलचा थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायचा खटका, उजव्या हँडलला असतो आणि तो अंगठ्यानं दाबून धरायचा असतो. बाकीची चार बोटं मुठीत एकमेकांना ऊब देतात, अंगठा एकटाच बाहेर, दाबलेला आणि न हलणारा. त्यामुळे तो सर्वांत आधी जातो. हल्लीच्या बहुतेक गाड्यांना हँडलच्या मुठी तापवणारा ग्रिप हीटर आणि अंगठ्याचा वेगळा हीटर असतो. निघण्याआधी दोन्ही चालू होतात का ते हातमोजा काढून हात लावून पाहा. भाड्याची गाडी असेल तर हे नक्की करा. मी एकदा हे केलं नव्हतं आणि अंगठ्याचा हीटर बंद असल्याचं वीस मैलांवर कळलं.

हीटर तळहात तापवतो, वारा मात्र हाताच्या पाठीवर येतो. म्हणून हातमोज्याचा तळ पातळ आणि पाठ जाड हवी. सगळीकडून जाड मोजा घेतला तर हीटरची ऊब आत पोचत नाही आणि ब्रेकही नीट धरता येत नाही. फार थंडी असेल तर हँडलबारवर बांधायच्या पिशव्या मिळतात, त्यांत हात घालून मध्यम जाडीच्या मोज्यांवर भागतं. दिसायला ओबडधोबड असतात, पण उणे २० ला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

मनगटाचं नीट समजून घ्या. हात पुढं असतात, म्हणजे बाहीचं तोंड वाऱ्याकडे असतं. आखूड मोजा बाहीच्या आत घातला तर बाहीची पट्टी घट्ट ओढायलाच हवी, नाहीतर वारा थेट कोपरापर्यंत शिरतो. लांब मनगटाचा मोजा बाहीवरून चढवला की त्याचं तोंड तुमच्याकडे होतं आणि वारा बाहेरूनच निघून जातो. मी नेहमी लांब मनगटाचेच वापरतो. आणि एक जादा कोरडी जोडी जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवतो. बॅगेत ठेवलेली जोडी घालायच्या वेळी गोठलेली असते.

हवेनं तापणाऱ्या पुड्या उपयोगाच्या आहेत. आतल्या लोखंडाच्या भुकटीचा हवेशी संयोग होऊन त्या तापतात, म्हणून पंधरा मिनिटं आधी फोडून ठेवा. बंद बुटात हवा कमी मिळते, तिथं पायांसाठीच बनवलेल्या पुड्या वापरा. कातडीवर थेट चिकटवू नका. अंगठ्या, बांगड्या, कानातलं, नथ घरी काढून ठेवा. धातू पटकन गार होतो, आणि बोट सुजलं तर अंगठी निघत नाही.

डोकं, चेहरा, चष्मा

आपली माकडटोपी हीच इथली बॅलाक्लाव्हा. फक्त ती जाड विणीची नको. जाड टोपीमुळे हेल्मेट कपाळावर दाबतं आणि डोकं दुखायला लागतं. पातळ मेरिनोची किंवा पॉलिएस्टरची घ्या आणि ती घालूनच हेल्मेटचा साइज पाहा. हेल्मेट स्नोमोबाइलसाठीचंच हवं, पूर्ण चेहरा झाकणारं. त्यात नाकातोंडावर बसणारा एक मऊ मुखवटा असतो. त्यामुळे श्वास खाली जातो आणि काच धुरकटत नाही. काच दुहेरी असावी. गाडीला वायर जोडून तापवायची काच मिळते. चष्मेवाल्यांनी तिच्यावर पैसे जरूर खर्च करावेत. मोटरसायकलचं उन्हाळी हेल्मेट घालून निघालेल्या माणसाला दहा मिनिटांत समोरचं दिसेनासं होतं आणि तो काच वर करतो. चेहरा गोठण्याची सुरुवात तिथून होते.

मफलर, ओढणी, स्कार्फ असं लोंबणारं काहीही नको. गाडीखाली ट्रॅक, म्हणजे बर्फावर पुढं ढकलणारा पट्टा, फिरत असतो, मोकळं टोक त्यात ओढलं जाऊ शकतं. गळ्याला नळीसारखी बंद गळपट्टी घाला. लांब केसांची वेणी जाकिटाच्या आत.

आमच्याकडे आलेल्या बऱ्याच जणांचा आग्रह असतो की चेहऱ्याला तेल किंवा क्रीम चोपडावं. कातडी फुटू नये म्हणून रात्री खुशाल लावा, पण हिमदंशापासून ते वाचवत नाही. लावल्यावर ऊबदार भास होतो आणि माणूस बेसावध राहतो.

पाय

बूट एक नंबर मोठा घ्या, ज्यातलं फेल्टचं (दाबलेल्या लोकरीचं) अस्तर बाहेर काढता येतं असा. बोटं आत मोकळी हलली पाहिजेत. डब्यावर उणे ४० असं छापलेलं असतं, त्याला वचन समजू नका. गाडीवर तुम्ही बसून असता, चालणाऱ्याच्या पायात होते तेवढी ऊब तुमच्या पायात होत नाही. दर अर्ध्या तासाला थांबून पन्नास पावलं चाला. गुलमर्गला स्नोमोबाइलची फेरी मारायला जाणाऱ्या आपल्या लोकांना तिथं भाड्यानं गमबूट आणि लांब कोट मिळतात. पंधरा-वीस मिनिटांच्या फेरीला ते पुरतात, पण आत लोकरीचे मोजे आपलेच न्या.

मागे बसणारा, मुलं, वडीलधारे

चालवणारा थोडीफार हालचाल करत असतो, मागचा माणूस गाठोड्यासारखा बसून असतो. त्याला एक थर जास्त द्या. मुलं खेळाच्या नादात सांगत नाहीत, त्यांचे गाल आणि बोटं दर वीस मिनिटांनी स्वतः पाहा. आईवडील भेटीला आलेले असतील आणि त्यांना मधुमेह असेल तर पायाची संवेदना आधीच कमी असू शकते. त्यांना दुखत नाही म्हणजे ठीक आहे, असं धरून चालू नका. आधी डॉक्टरांना विचारा, आणि थांबलात की बूट काढून डोळ्यांनी बघा. सिगारेट आणि तंबाखूनं बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात. दारूनं उलट होतं: कातडीजवळच्या वाहिन्या पसरतात, गरम वाटतं आणि अंगातली ऊब बाहेर निघून जाते. गाडीवर दारू तशीही वर्ज्यच.

खिशात गुळाची चिक्की किंवा तिळाचे लाडू ठेवा, जानेवारीत घरात असतातच. फक्त आतल्या खिशात, नाहीतर दात हलतील इतके कडक होतात. पाण्याची बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे झाकणाकडचं पाणी शेवटी गोठतं.

रुतलात, भिजलात, बधिर झालात तर

गाडी रुतली की फावडं हातात घेण्याआधी जाकिटाची चेन उघडा आणि मधला थर काढून ठेवा. दोन मिनिटं थंडी वाजेल, वाजू द्या. काम संपलं की कोरडा फ्लीस पुन्हा घाला. माझ्या पहिल्या सफरीत मी एवढंच केलं असतं तर पुढचं टळलं असतं.

गोठलेल्या सरोवरावरून जाणार असाल तर मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातं स्नोमोबाइलसाठी किमान ५ ते ७ इंच नवा, नितळ बर्फ सांगतं. त्यावर साचलेला हिमाचा थर या मोजमापात धरायचा नाही. पाण्यावर तरंगायला मदत करणारी जाकिटं आणि बिब मिळतात. सरोवरं ओलांडायची असतील तर तीच घ्या, आणि बर्फात रोवून वर येण्यासाठीच्या टोच्यांची जोडी गळ्यात अडकवा.

बोट, नाक किंवा कान आधी झिणझिणतं, दुखतं आणि मग दुखणं थांबतं. हे थांबणं धोक्याचं. जागा पांढरट, मेणासारखी, कडक झाली असेल तर चोळू नका, बर्फ तर मुळीच चोळू नका. हात काखेत घ्या, चेहऱ्यावर कोरडा तळहात धरा. आडोशाला पोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बुडवा. बधिर बोटाला शेकोटीचा अंदाज येत नाही, ते भाजतं. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वाटेत वितळवू नका. फोड आले, रंग काळपट झाला किंवा संवेदना परत येईना, तर थेट इस्पितळात. सोबतच्या माणसाची जीभ जड झाली, तो चेन लावताना चाचपडायला लागला, किंवा कुडकुडत होता तो अचानक शांत झाला, तर सफर तिथंच थांबवा. ओले कपडे उतरवा, कोरडे घाला, वारा अडवा आणि मदत बोलवा.

परत आल्यावर

कपडे ढीग करून टाकू नका. हेल्मेटची काच उघडी ठेवा, मुखवटा काढून वेगळा वाळवा. हातमोजे बोटं वर करून उभे करा. बुटातलं फेल्ट ओढून बाहेर काढा. ते कोरडं दिसलं तरी टाचेशी बोट दाबून पाहा, तिथं दिवसभराचा घाम साचलेला असतो. खोलीतल्या उष्ण हवेच्या जाळीजवळ ते रात्रभर राहू द्या, आगीच्या तोंडाशी नको. सकाळी पुन्हा दाबून पाहा. टाच अजून ओलसर असेल तर तासभर उशिरा निघा.